नवव्या प्रकरणाचा आवाज

९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र काल आमच्या ध्वनिग्रंथालयात पोचलं. ते संचालकबाईंच्या नावे होतं, त्यामुळे मी वाचायचं कारण नव्हतं. पण त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लेखिका तुझी सख्खी बहीण ना? मग तूच काय ते बघ." म्हणून बघते आहे.

तू लिहिलं आहेस की तुझ्या पुस्तकाच्या ध्वनिप्रतीतून नववं प्रकरण वगळावं, कारण ते 'श्राव्य माध्यमास अनुकूल नाही'. हे वाक्य तुझं नाही. तुला नको असलं की तू सरळ 'नको' म्हणतेस, कारणं जोडत बसत नाहीस.

आधी कामाचं सांगते. ध्वनिमुद्रण डिसेंबरातच पुरं झालं. वाचन घोषणाकाकांनी केलं. निवृत्त होईपर्यंत ते स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. पण पहिल्या दिवशी तुझ्या आघाडीवरच्या दवाखान्याच्या तंबूतले जखमी फलाट क्रमांक तीनवर येत असल्यासारखे वाटत होते. मी काचेपलीकडून त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, वाईट बातमी देताना आवाज सरळच ठेवायचा असतो. नाहीतर लोक सैरावैरा धावत सुटतात." मला ते पटलं. तसंच वाचू दिलं.

त्यांनी वाचलेलं साफ करायचं काम माझं. ओठांची चटचट, पान उलटल्याची खसखस, जेवणाच्या सुट्टीआधी काकांच्या पोटातली गुरगुर, सगळं काढायचं. नववं प्रकरणही मी तसंच साफ करायला घेतलं होतं. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत.

तिथे तंबूच्या दारात एक परिचारिका उभी आहे. येणाऱ्या प्रत्येक जखमीला बघायचं आणि मनगटाला रंगीत पट्टी बांधायची हे तिचं काम. लाल म्हणजे आधी आत, पिवळी म्हणजे थांबू शकेल, हिरवी म्हणजे चालत जाईल. काळी म्हणजे हा वाचणार नाही, याच्यावर हात अडकवू नका. मग 'विसेक वर्षांचा एक मुलगा' येतो. घड्याळ उजव्या हातात, तबकडी आतल्या बाजूला. हनुवटीखाली जुन्या टाक्यांची खूण, तिरकी, घाईत शिवल्यासारखी. परिचारिका त्याला काळी पट्टी बांधते.

ते टाके घालताना त्याचे पाय मी धरले होते आणि डोकं तू. तो मुलगा आपला धाकटा आहे.

आपल्या घरी आलेल्या लष्कराच्या पत्रात 'जागीच मृत्यू' असं होतं. आईने चार वर्षं त्या 'जागीच'वर काढली आहेत. त्याच चार वर्षांत ती तुझ्याबद्दल एकच वाक्य म्हणत आली: "दोघं एकाच आघाडीवर होती, आणि हिने त्याला एकदा जाऊन शोधलंसुद्धा नाही." तू ते ऐकून घेतलंस. मग फोन कमी केलेस, मग येणं बंद केलंस. मला वाटायचं, तुझ्याकडे उत्तर नाही. उत्तर होतं: दारातली ती परिचारिका तूच. आईला आता छापलेलं दिसत नाही, म्हणून तू ते पुस्तकात लिहू शकलीस.

हिशेब तुझा बरोबर होता. फक्त माझी नोकरी धरायची राहिली.

आईने या पुस्तकासाठी आमच्याकडे स्वतः फोन करून नाव नोंदवलं आहे. नवं पुस्तक तयार झालं की पहिली प्रत तिला जाणार. तिने जन्मभर गणित शिकवलं; आठनंतर दहा ऐकलं की ती काय विचारेल ते तुला माहीत आहे. आणि प्रकरणांचे आकडे मी बदलून देणार नाही.

तुझ्या परवानगीशिवाय हे प्रकरण बाहेर जाणार नाही. आईला मी परस्पर काही सांगणारही नाही. पण मी ते पुसणार नाही, आणि तुझी परवानगी मागायचं थांबवणार नाही.

— तुझी धाकटी बहीण


२१ जानेवारी

ताई,

पाकीट मिळालं. तुझी चिठ्ठी दोन ओळींची: 'आईला सांगू नकोस. लोक काय म्हणतात ते वाच.' सोबत प्रकाशकाकडे आलेल्या वाचकांच्या पत्रांच्या झेरॉक्स. सगळ्या वाचल्या.

एकाने लिहिलं आहे, असलं पुस्तक शाळेत लावा, म्हणजे पोरं युद्धाचे खेळ खेळायची थांबतील. एका गृहस्थांना शूरांच्या गोष्टी हव्या होत्या, तंबूतल्या किंकाळ्या नको होत्या. त्यांनी पुस्तकाचे पैसे परत मागितले आहेत. एकाने नवव्या प्रकरणाबद्दल विचारलं आहे, 'असल्या बाईला रात्री झोप कशी लागते?' आणि एका बाईने फक्त नवऱ्याची तुकडी आणि तारीख कळवून विचारलं आहे, 'यांना कुठल्या रंगाची पट्टी बांधली होती, सांगता येईल का?'

तू झोपेच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आहेस. नवऱ्याबद्दल विचारणाऱ्या बाईंच्या पत्रावर काही खूण नाही. त्यांना उत्तर दिलंस का?

आता माझ्याकडचे वाचक. आमच्याकडे प्रत्येक पुस्तक बाहेर जाण्याआधी शनिवारी श्रोतागटाला ऐकवतात. कुणालाच दिसत नाही, त्यामुळे कान तयार असतात. या अंतर्गत चाचणीला लेखकाची परवानगी लागत नाही. नियम काढून पाहिला. मी त्यांना नववं प्रकरण लावलं. लेखिका माझी कोण ते सांगितलं नाही.

संपल्यावर आधी ड्रायव्हरकाका बोलले. साखरेने डोळे जाईपर्यंत ते ट्रक चालवायचे.

"ही नर्स आहे का टोलनाक्यावरची पोरगी? बघितलं, पट्टी लावली, चला, पुढची गाडी!"

"काका, रांग लागली होती तिच्यापुढे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्या एका मोठ्या दवाखान्याच्या फोनवर बसतात. "माझ्याकडे चार फोन एकदम वाजतात ना, तेव्हा मीही एकाला थांबा म्हणते. कुणाला तरी म्हणावंच लागतं."

"तुमच्या थांबामुळे कुणी मरतं का?"

"दवाखाना आहे तो, काका. मला कळवायला कोण येतंय?"

मग फिजिओ म्हणाला, "माझ्याकडे युद्धातून आलेले येतात. पाय नसलेले, हात नसलेले. मी नेहमी म्हणतो, वा, वाचलात. आज पहिल्यांदा डोक्यात आलं, यांना जो वेळ मिळाला तो दुसऱ्या कुणाचा काढून दिला असणार."

"ते सगळं खरं रे बाबा," ड्रायव्हरकाका म्हणाले, "पण ज्याचा काढला त्याच्याकडे जरा बघायचं तरी! हिला एक श्वास घ्यायला काय झालं होतं?"

मी घरी जाऊन छापील पुस्तक उघडलं. 'तिने त्याच्याकडे पाहिलं' आणि 'तिने काळी पट्टी काढली' या दोन वाक्यांच्या मध्ये एक पूर्ण ओळ मोकळी आहे. सबंध पुस्तकात अशी ओळ दुसरीकडे कुठेच नाही. घोषणाकाका तिथे थांबले होते. मूळ मुद्रणात ती शांतता आहे. पण संकलनाचं सॉफ्टवेअर एका सेकंदाहून लांब शांतता आपोआप छाटतं, आणि ती सोय मी सुरू ठेवली होती. नेहमीच ठेवते. तिसऱ्या परिच्छेदानंतर मी प्रकरण हाताने तपासलं नाही, यंत्रावर सोडलं. त्यामुळे तुझ्या परिचारिकेने पाहिलं आणि लगेच पट्टी काढली. टोलनाका मी केला.

पुढच्या शनिवारी मी शांतता परत घालून तेच पान पुन्हा ऐकवलं. काय बदललं ते सांगितलं नाही. ड्रायव्हरकाकांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "गेल्या शनिवारी मी फार बोललो का गं?"

त्यांचं मत बदललं असं म्हणत नाही. अजूनही ते म्हणतात की त्यांच्याने हे झालं नसतं. पण आता ते तिच्याबद्दल बोलतात. आधी तिच्यावर बोलत होते.

काका जितके थांबले तो त्यांचा अंदाज आहे. मला खरं माप हवं आहे. ती मोकळी ओळ किती वेळाची होती? हे तांत्रिक कारणासाठी विचारते आहे.


३ फेब्रुवारी

ताई,

परवा तू कामाच्या ठिकाणी फोन केलास तेव्हा मी मुद्रणखोलीत होते. लाल दिवा लागला होता, तरी बाहेर आले. तू म्हणालीस, "तू तिथे नव्हतीस." आणि फोन ठेवलास.

बरोबर आहे. मी इथे होते. आता इथलं ऐक.

आईच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडेचं थोडं दिसतं. त्यामुळे तुमच्याकडे बघायचं असलं की ती तुमच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघते. नवीन माणसाला वाटतं, बाईंचं लक्ष नाही. जेवताना ती अशी भिंतीकडे बघून मला रोज विचारते, "कुठवर आलं पुस्तक?"

मी सांगते, तपासणी चालू आहे.

"एवढी कसली तपासणी? शाळेत मी एका दिवसात वर्गभर पेपर तपासायचे."

"एका प्रकरणात अडचण आहे."

"कितव्या?"

ताई, मला खोटं बोलता येतं. कामावर बोलते, सांध्याच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांशी आईच्या वतीनेही बोलते. पण आकडा विचारल्यावर मला खोटा आकडा सांगता येत नाही. "नवव्या," मी म्हटलं.

ती पुढे काही विचारेल असं वाटलं. तिने पाण्याचा पेला शोधला, प्यायली आणि म्हणाली, "त्यात सगळ्यांची लेकरं असतील. आपलं तेवढं नसेल."

मी उठून ताटं उचलली. तिला बाकी काही दिसत नसलं तरी मी कधी उठते ते कळतं.

तुझी भीती मला समजते. तू हे मांडून ठेवलं आहेस: आईने तुला 'गेली नाही' म्हणून दोष दिला तर तो खोटा दोष आहे, तो सोसता येतो. 'तो समोर आला आणि हिने पट्टी बांधली' म्हणून दिला तर तो खरा असेल. तुला खोट्याची सवय झाली आहे. तुझ्या जागी मीही कदाचित तेच निवडलं असतं. पण तू एकटीच्या वतीने निवडत नाहीस. तुझ्या निवडीत आईच्या वाट्याला असं आलं आहे की तिचा मुलगा कुणाच्याही नजरेस न पडता गेला आणि तिच्या मुलीला त्याची पर्वा नव्हती. दोन्ही चूक. मी रोज त्या दोन चुकांसोबत जेवायला बसते.

आणि प्रकरणाचा उत्तरार्ध तू विसरतेस. परिचारिका पाळी संपल्यावर परत येते. तो अजून असतो, डोळे उघडे असतात. ती शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसते. हेही त्याच प्रकरणात आहे. ते वगळलं तर हेही जातं.

'जागीच' हा शब्द मी आईकडून काढून घेते आहे, हे मला कळतं. त्याच्या बदल्यात तिला बरं वाटेल असं मी म्हणत नाही. कदाचित वाटणार नाही. तरीही तिने ऐकावं असं मी ठरवलं आहे, आणि ते तुझ्या तोंडून ऐकावं. घोषणाकाकांचं वाचन चांगलं आहे, पण तिला हे स्टेशनवरून कळायला नको.

तेव्हा नववं प्रकरण तू वाच आणि पाठव. काय करायचं ते लिहिते. छोटी खोली घे. पंखा बंद, खिडकी बंद. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बस. कपडे घुमारा खातात. फोन तोंडासमोर नको, थोडा बाजूला, वीतभर अंतरावर. आधी जेवून घे. चुकलीस तर थांबू नकोस. वाक्य पहिल्यापासून परत म्हण, मी जोडून घेईन. रडू आलं तर मुद्रण चालू राहू दे. ते मी काढू शकते. काढायचं की नाही ते तू सांग.

फेब्रुवारीअखेर पुस्तकाचं काम पुरं करायचं आहे. मी संचालकबाईंना सांगितलं आहे की नववं प्रकरण लेखिका स्वतः वाचणार आहे. त्यांनी विचारलं, "तिने हो म्हटलंय?" मी म्हटलं, "अजून नाही."


२२ फेब्रुवारी

ताई,

मुद्रण मिळालं. परवानगीची एक ओळ आणि खाली सही, तीही मिळाली. बाकी पाकिटात काही नव्हतं. मी उलटं करून झटकून पाहिलं.

तांत्रिक शेरे: पंखा बंद नव्हता. कपाटाचं ऐकलेलं दिसतं, घुमारा नाही. तुला सर्दी आहे. सहाव्या मिनिटाला कुणीतरी दार वाजवतं आणि तू "थांबा जरा" म्हणतेस, तेवढं काढलं. बाकी काही काढलं नाही.

मोकळी ओळ आली तेव्हा सॉफ्टवेअरने तो भाग लाल केला आणि विचारलं, छाटू का? मी ती सोयच बंद केली. मला माप हवं होतं, ते मिळालं. किती ते लिहीत नाही, तुला माहीत आहे.

एक अडचण आहे. छापील पुस्तकात 'विसेक वर्षांचा एक मुलगा' आहे. तू वाचलं आहेस, 'माझा धाकटा भाऊ'. आणि तिथून पुढे 'परिचारिका' जाऊन 'मी' आली आहे, शेवटपर्यंत. तपासनिसाने प्रत्येक ठिकाणी चूक म्हणून खूण केली आणि फाईल परत पाठवली. ध्वनिप्रत छापील मजकुराशी तंतोतंत जुळली पाहिजे असा आमचा नियम आहे, आणि तो मी आजवर कधी मोडलेला नाही. आताही मोडत नाही. पण कुणी कुणाशी जुळवून घ्यायचं ते त्यात लिहिलेलं नाही. मी प्रकाशकाला कळवलं आहे की पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलावा लागेल. ते तुला सही मागतील. दे.

ज्या बाईंनी नवऱ्याच्या पट्टीचा रंग विचारला होता, त्यांचा पत्ता झेरॉक्सवर आहे. तुला लिहायचं नसेल तर मी ध्वनिप्रत पाठवू का? त्यांना विचारून पाठवेन.


१ मार्च

ताई,

आईने काल नववं प्रकरण ऐकलं.

मी आधी सांगितलं. सकाळचं सगळं आवरल्यावर समोर बसले आणि म्हटलं, "नवव्या प्रकरणात धाकटा आहे. वाचलंय ताईने. ऐकायचं की नाही ते तू ठरव."

तिने भिंतीकडे बघून विचारलं, "आठवं संपलंय का माझं?"

"थोडं राहिलंय."

"मग आधी ते संपू दे."

आठवं तिने पूर्ण ऐकलं. मग स्वतःच पुढचं बटण दाबलं. तुझा आवाज आला. पहिल्याच वाक्याला म्हणाली, "सर्दी झालीय हिला. गरम पाणी पीत नसेल." 'माझा धाकटा भाऊ' आलं तेव्हा तिने यंत्र थांबवलं, उठली, आत गेली आणि कप धुवायला लागली. दोन उष्टे होते. उरलेले स्वच्छ होते, तेही धुतले. मी मदतीला गेले नाही. परत आली, पदराला हात पुसले आणि बटण दाबलं. शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे जागीच नव्हतं."

"नाही."

"चार वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले, त्याला काही कळलंसुद्धा नाही म्हणून."

"हो."

"आणि हिने ती काळी पट्टी बांधली."

"आई, तिथे नियम असा असतो की..."

"नियम मला नको शिकवूस. आयुष्यभर तेच शिकवलेत मी." मग यंत्र बाजूला सरकवून म्हणाली, "तिने केलं ते बरोबर की चूक, हे मला सांगता येणार नाही. मी त्या दारात उभी नव्हते. पण मला तिचा राग आलाय, हे तिला कळव. लपवू नकोस. आधीचा राग ती गेली नाही म्हणून होता. तो फुकट गेला. हा नवा आहे."

कळवलं.

जेवली नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, त्यांच्याशी गॅसच्या नंबराबद्दल नीट बोलली. त्या विचारत होत्या, "लेकीचं पुस्तक कसं वाटलं?" आई म्हणाली, "अवघड आहे. तुम्हीही ऐका." काकू गेल्यावर तिने पुन्हा यंत्र घेतलं आणि प्रकरणाचा शेवट लावला. तू परत येतेस, तो अजून असतो, त्याचे डोळे उघडे असतात, तू बसतेस. तेवढाच भाग तिने मागे नेऊन नेऊन ऐकला. मला वाटलं तिला तुझा आवाज हवा आहे. तसं नव्हतं. ती काहीतरी शोधत होती.

शेवटी यंत्र बंद करून तिने माझ्या खांद्यापलीकडे बघितलं.

"डोळे उघडे होते म्हणते ही. पण त्याने हिला ओळखलं का?"

मी म्हटलं, "तेवढं त्यात नाही."

"छापलेल्यात असेल."

"त्यातही नाही. मी पाहिलं."

"मग कुणाला माहीत?"

"फक्त ताईला."

"मग विचार तिला."

विचारते आहे: त्याने तुला ओळखलं का?

उत्तर ध्वनिमुद्रित करून पाठवू नकोस, मी ते लावणार नाही. फोनवरही नको, आणि पत्रानेही नको. आईला ते दिसणार नाही, आणि मी वाचून दाखवणार नाही.